न विकलेले शेअर

मानसीने जेवता जेवता आईला सहज विचारलं, "जादा जागेचे पैसे बिल्डरला कधी द्यायचेत गं?"

माधुरी भाकरी वाढत होती. "दिवाळीनंतर. का?"

"काही नाही. असंच."

बोलणं एवढंच झालं. पण समोर बसलेल्या चंद्रप्रकाशचा हात आमटीच्या वाटीवरच थांबला. मानसीने बापाकडे पाहिलं आणि झटकन नजर ताटात वळवली. तोंडून निघालेला शब्द परत गिळता आला तर बरं, असा तिचा चेहरा झाला होता. मग ती भराभर जेवली, उठली आणि सगळ्यांची ताटं गोळा करून घासायलाच बसली. एरवी ऑफिसातून आल्यावर ती साधा चमचा विसळत नसे.

"राहू दे गं, सकाळी भांड्यांना कमल येईल ना," माधुरी म्हणाली.

"घासते मी. हात मोकळेच आहेत."

चंद्रप्रकाश खुर्चीतच बसून राहिला. मुलीने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तरी सगळं कळल्यासारखं झालं होतं.

चंद्रप्रकाश सामंत हा मुलुंड पूर्वेला गेली तीस-पस्तीस वर्षं राहणारा माणूस. वडील परळच्या गिरणीत होते. संपात गिरणी गेली ती गेलीच, आणि म्हाताऱ्याने उरलेली वर्षं एका बँकेच्या दारात वॉचमनची टोपी घालून काढली. चंद्रप्रकाश शिकला, एलबीएस रोडवरच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात लागला, सुपरवायझर झाला. मग तोही कारखाना बंद पडला. कंपनी आपला बाडबिस्तरा घेऊन गुजरातेत गेली आणि कामगारांच्या हातावर व्हीआरएसचा चेक ठेवून गेली. आता त्या जागी उंच टॉवर आहेत. आपलं पॅकिंगचं मशीन जिथे होतं तिथे आता पोहण्याचा तलाव आहे, असं तो पाहुण्यांना हसत हसत सांगायचा. माधुरीला ते हसणं कधी खरं वाटलं नाही.

या सगळ्यातून त्याने स्वतःपुरता एक निष्कर्ष काढला होता. कापड दुसरीकडे विणता येतं, औषध दुसरीकडे बनवता येतं, पण रस्ता उचलून कोणी गुजरातला नेत नाही. आणि वीज तर लागणारच, सरकार कोणाचंही येवो. एकदा भाचीच्या लग्नाला सांगलीकडे जाताना टोलनाक्यावर गाडी अडकली. ट्रकची ही भलीमोठी रांग. गाडीतले सगळे वैतागले, हा एकटा खूश. "बघा, एकेक ट्रक पैसे टाकून चाललाय," असं म्हणत त्याने नाक्यावरच्या फलकावरचं कंपनीचं नाव वाचून ठेवलं : सिंधुतारा इन्फ्रा. घरी येऊन माहिती काढली. तीन टोलरस्ते, ट्रक टर्मिनल, विदर्भात कोळशावरचं वीज केंद्र, विजेच्या मोठ्या लाइनी. त्याला हवं होतं ते सगळं एकाच कंपनीत होतं. व्हीआरएसच्या पैशातला बँकेत ठेवलेला मोठा हिस्सा त्याने थोडा थोडा करून त्या शेअरमध्ये घातला. शेअर चढत गेला. दरवर्षी लाभांश आला. कारखान्याने दिलं नाही ते या शेअरने दिलं, असं तो म्हणायचा.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी सी.ए. झालेल्या मानसीला त्याच कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा त्याने अख्ख्या इमारतीला पेढे वाटले. बँकांच्या कर्जाचं काम बघणाऱ्या विभागात ती लागली होती. त्याच संध्याकाळी तिने बापाला समोर बसवलं.

"बाबा, तुझे शेअर आहेत हे मी कंपनीला लिहून दिलंय. आता या घरात कंपनीचं नाव काढायचं नाही. तू विचारायचं नाही, मी सांगायचं नाही."

"आणि मला विकायचे झाले तर?"

"तुझं तू ठरव. मला विचारू नकोस. पण माझ्याकडून तुला काही कळलं असेल ना, तर हात लावायचा नाही. माझी नोकरी जाईल, सी.ए.चं लायसन जाईल, वर केस होईल ती वेगळी."

त्याने कान पकडले. आणि दोन वर्षं त्या घरात कंपनीचं नाव निघालं नाही. मानसी रोज घाटकोपरहून मेट्रो पकडून चकाल्याला जायची, यायची, आणि घरी बोलणं व्हायचं ते कॅन्टीनच्या डोशाबद्दल.

आता त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली होती. नव्या इमारतीत सध्याच्यापेक्षा थोडं मोठं घर फुकट मिळणार होतं, पण आणखी एक बेडरूम हवी तर जादा जागा विकत घ्यायची होती. माधुरीने भांडुपच्या चाळीत दहा माणसांत बालपण काढलं होतं. स्वतंत्र खोलीचं तिला इतकं अप्रूप होतं, की तिने बिल्डरच्या नकाशावर खिडकीसुद्धा निवडून ठेवली होती, पूर्वेकडची, खाडी दिसेल अशी. दिवाळीनंतर शेअर विकायचे आणि ती खोली घ्यायची, असं ठरलेलं होतं. मानसीने नेमकं तेच विचारलं होतं.

* * *

सकाळी मानसी डबा घेऊन गेली तेव्हा तिने बापाकडे पाहिलं नाही. बाजार उघडायच्या आधीच चंद्रप्रकाश मोबाइल घेऊन खिडकीत बसला. ॲप उघडलं. सिंधुताराच्या नावापुढे भाव दिसत होता, कालचा, परवाच्याहून जरासा खाली. त्याखाली 'विका' लिहिलेलं लाल बटण. दाबलं की खेळ खलास. पैसे खात्यात, खोली पक्की.

माधुरी चहाचा कप घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"तिने तुम्हाला काही सांगितलं का हो?"

"नाही."

"पण काहीतरी आहे."

त्याने नजर मोबाइलवरून काढली नाही.

"अहो, मग विका ना. तिने सांगितलं नाही ना? म्हणजे तुम्हाला काही माहीत नाही. तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"मला माहीत नसतं तर मी आज विकले असते का?"

"ते कोणाला कळणार?"

"मला."

माधुरीने कप खिडकीत ठेवला, जरा जोरातच. "तुम्ही आणि तुमची ती तत्त्वं! उद्या भाव कोसळला तर बिल्डरला तत्त्वं देणार आहात?"

तो काही हरिश्चंद्र नव्हता. कारखान्यात असताना त्यानेही ओव्हरटाइमची एखाद-दुसरी न केलेली पाळी लावून घेतली होती. पण इथे मधे मानसी होती. उद्या कोणी खाती तपासली, आणि बातमी फुटायच्या आधी अधिकारी पोरीच्या बापाने सगळे शेअर विकले असं दिसलं, तर ती काय सांगणार? 'मी आईला फक्त विचारलं होतं'? कोण ऐकेल?

बाजार उघडला. भाव वर गेला, खाली आला, परत वर गेला. त्याचा अंगठा दोनदा बटणाजवळ गेला. दुसऱ्यांदा त्याने मोबाइल उशीखाली ठेवला आणि चपला घालून सरळ बाहेर पडला.

बागेत भाऊ पेडणेकर त्याची वाट बघत होता. भाऊ त्याचा कारखान्यातला जोडीदार, त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारा, मूळचा कुडाळकडचा. नुकताच गणपती करून गावाहून परतला होता. चंद्रप्रकाशचं ऐकून त्यानेही व्हीआरएसचे थोडे पैसे सिंधुतारात घातले होते, आणि त्याबद्दल तो येईल त्याच्याजवळ चंदूचे गोडवे गायचा.

"चंदू, आपलो शेअर जरा खाली इलो हा," बाकावर बसता बसता भाऊ म्हणाला. "आणखी घेऊ काय? दिवाळीपर्यंत चढतलो मा?"

'घेऊ नको' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. फक्त मान हलवली असती तरी.

"भाऊ, मला विचारू नको."

"मगे कोणाक विचारू? तूच तर माका घेवक लावलंस."

"दुसऱ्या कुठल्याही शेअरबद्दल विचार. या एकाबद्दल मला काही विचारू नको. माझी मुलगी तिथे आहे, मला बोलता येत नाही."

भाऊने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच हसला. "बरा, बरा. कळला माका."

"काय कळलं?"

"काय नाय. चल, फेरी मारू."

त्याला काय कळलं ते चंद्रप्रकाशला त्या दिवशी उमगलं नाही. फेरी मारताना भाऊ अगदी खुशीत होता, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

* * *

पुढचे दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मानसी उशिरा यायची. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. एका रविवारी ती कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गॅलरीत आली, तिथे चंद्रप्रकाश कुंड्यांना पाणी घालत होता.

"बाबा, मला तुला..."

"काही बोलू नकोस," तो घाईने म्हणाला. "एक अक्षर बोलू नकोस."

"पण तू..."

"मानसी, आत जा."

ती तशीच उभी राहिली. मग हातातला टॉवेल तारेवर टाकून आत गेली. चंद्रप्रकाशला वाटलं, आपण पोरीला आयुष्यात पहिल्यांदाच हाकलून दिलं. पण ती बोलली असती तर संशयाची बातमी झाली असती, आणि मग तिलाही कधी खोटं न बोलता 'मी काही सांगितलं नाही' असं म्हणता आलं नसतं.

खरा हादरा दुसऱ्याच बाजूने आला. भाऊची बायको नलिनी माधुरीकडे विरजण मागायला आली होती. जाता जाता म्हणाली, "आमच्या ह्यांनी तर एफडीच मोडली बाई. सगळे त्या तुमच्या शेअरमध्ये घातले. म्हणतात, चंदू काही बोलत नाही म्हणजे आत मोठी बातमी आहे. पोरीमुळे तोंड बंद ठेवलंय, पण चेहऱ्यावरून कळतं."

नलिनी गेली. माधुरीने नवऱ्याकडे पाहिलं. बागेतलं ते हसणं आता त्याच्या ध्यानात आलं. त्याचं गप्प राहणं भाऊने उलट वाचलं होतं. कंपनीला मोठं काम मिळतंय, शेअर उसळी मारणार, आणि चंदू ते लपवतोय!

"आता तरी सांगा त्यांना," माधुरी म्हणाली. "आपलं जाऊ दे. त्यांचं काय?"

तो तसाच जिना उतरला. पहिल्या मजल्यावर भाऊच्या दाराशी उभा राहिला. बेलवर बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. नलिनीनेच दार उघडलं. आत भाऊ पंख्याखाली बनियनवर बसून आंबोळ्या खात होता.

"ये ये! बस. आंबोळी खातंस?"

"नको. भाऊ, तू एफडी मोडलीस?"

भाऊने बायकोकडे डोळे वटारले. "हिच्या पोटात काय रवत नाय. मोडलंय. माका पण जादा जागा होई. सुनेक पोर होवचा हा, खय झोपवू त्येका?"

चंद्रप्रकाश खुर्चीच्या कडेला टेकला. त्याच्या मनात शब्द तयार होते : उद्या सकाळी सगळे विकून टाक. भाऊने विकले असते. आणि भाऊ म्हणजे भाऊ! संध्याकाळपर्यंत बागेतल्या सगळ्या बाकांवर बातमी गेली असती, चंदूच्या पोरीने सांगितलं म्हणून. त्याच्या डोळ्यांपुढे गॅलरीत उभी असलेली मानसी आली.

"भाऊ, एवढं सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं नसतं रे," तो कसाबसा म्हणाला. "कुठलाही शेअर असो. निम्मे तरी काढून बँकेत ठेव."

"तू निम्मे काढलंस?"

"नाही."

"मगे? तू ठेवतंस आणि माका सांगतंस काढ?" भाऊ मोठ्याने हसला. "जा रे. माका काय येडो समाजलंस?"

चंद्रप्रकाश उठला. जिना चढून तो वर आला. हे बोलणं कोणत्याही दिवशी कोणालाही सांगता आलं असतं, त्यात काही गैर नव्हतं. पण त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

* * *

बातमी शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर आली. चंद्रप्रकाश टीव्हीसमोरच होता. बाजाराच्या बातम्यांच्या वाहिनीवर खालच्या पट्टीत सिंधुताराचं नाव सरकलं, आणि मग तेच नाव मोठ्या अक्षरांत आलं. विदर्भातल्या वीज केंद्राच्या दोन्ही संचांचे बॉयलर तपासणीत सदोष निघाले होते. दोन्ही संच दीर्घकाळ बंद राहणार होते. त्यामुळे वीज विकत घेणाऱ्यांनी करार रद्द केला होता. बँकांचे हप्ते वेळेवर देणं कंपनीला कठीण जाईल, असं तिने स्वतःच कळवलं होतं. रस्त्यांवरून येणारा टोलचा पैसाही त्या केंद्राच्या कर्जाला तारण होता. म्हणजे वीज बुडाली तर रस्तेही तिच्याबरोबर बुडणार होते.

माधुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. आत जाऊन तिने गॅस बंद केला आणि पाटावर बसून राहिली.

सोमवारी बाजार उघडताच शेअर एकदम खाली आला आणि तिथेच अडकला. एका दिवसात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पडायला बंदी असते. त्या मर्यादेला भाव टेकला की विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा एकही नसतो. आता लाल बटण दाबूनही काही होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. जन्मभर साठवलेलं डोळ्यांदेखत आटत होतं आणि हात लावायला जागा नव्हती.

पहिल्याच दिवशी दुपारी भाऊ वर आला. बेल न वाजवता दार ढकलून आत. माधुरीने पाणी आणलं, ते त्याने घेतलं नाही.

"चंदू, एकच विचारतंय. तुका म्हायत होता?"

'नाही' म्हणता आलं असतं. ते पूर्ण खोटंही ठरलं नसतं. चंद्रप्रकाशने माधुरीकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती.

"मला कोणी काही सांगितलं नव्हतं, भाऊ. मानसीने तर एक शब्द काढला नव्हता. पण मला संशय आला होता."

"आणि तू गप ऱ्हवलंस."

"मी तुला म्हटलं होतं, मला विचारू नको."

"असा बोलतत?" भाऊचा आवाज चढला, मग एकदम फाटला. "तीस वर्षां एका मशिनीवर उभे होतो रे आपण. एक खूण केली आसतंस तर माझे पैसे वाचले आसते. नुसती मान हलवली आसतंस!"

चंद्रप्रकाशने मोबाइल पुढे केला. ॲप उघडं होतं. "हे बघ. माझेही सगळे तिथेच आहेत. एकही विकला नाही."

भाऊने स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाला, "ह्या माका कित्याक दाखवतंस? तू बुडालंस म्हणून माझे वर येतत काय?"

तो गेला. दार उघडंच राहिलं. चंद्रप्रकाशला वाटलं होतं, आपणही गमावलं हे बघून भाऊ निवळेल. या आशेवर तो इतके दिवस जगला होता हे त्याला तेव्हाच कळलं. आणि भाऊ म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मानसी लवकर घरी आली. चप्पल काढून ती थेट बापाजवळ येऊन बसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्या घरात कंपनीबद्दल बोलली.

"तू विकले नाहीस."

"नाही."

"तुला कळलं होतं ना, मी आईला विचारलं तेव्हा?"

"हो."

"मी काय मूर्ख आहे! रोज वाटायचं, आज बाबा विकेल. रोज वाटायचं, विकलेस तर बरं होईल. आणि विकलेस तर माझी वाट लागेल, हेही माहीत होतं." ती रडायला लागली. "मला ना, बाबा, तुझ्याकडे बघणंच नको झालं होतं."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला रडू आलं नाही. त्याला भाऊचा चेहरा दिसत होता.

* * *

पुढे चौकशी झाली. बातमी बाहेर येण्याआधी कोणी कोणी शेअर विकले त्याची छाननी झाली. मानसीच्या विभागातल्या अनय नावाच्या मुलाच्या सासऱ्याने चार दिवस आधी सगळे विकून टाकले होते. अनय हुशार होता, मानसीच्याच बरोबरीने लागलेला. त्याने सासऱ्याला सांगितलं होतं, का सासऱ्यानेच त्याचा चेहरा वाचला होता, ते बाहेर कोणालाच नीट कळलं नाही. त्याची नोकरी गेली, आणि प्रकरण वर्षभर चालूच राहिलं. मानसीला दोनदा बोलावलं, प्रश्न विचारले, बापाचं खातं तपासलं आणि सोडून दिलं. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा माधुरी पहिल्यांदा नवऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागली. पण खोलीचा राग काही तिच्या मनातून गेला नाही. बिल्डरच्या ऑफिसात करारावर सही करायची वेळ आली तेव्हा जादा जागेच्या रकान्यात रेघ मारताना तिने पेन त्याच्या हातात दिलं. "तुम्हीच मारा," ती म्हणाली.

दिवाळीनंतर इमारत रिकामी झाली. सामंत भांडुपला भाड्याने गेले. भाऊ मुलासुनेबरोबर डोंबिवलीला. सामान निघालं त्या दिवशी दोन टेम्पो एकामागोमाग उभे होते, आणि भाऊने चंद्रप्रकाशच्या टेम्पोकडे एकदाही पाहिलं नाही. भाऊने आपले शेअर अगदी तळाला, पहिलं गिऱ्हाईक मिळालं त्या दिवशी विकून टाकले होते. धीर सुटला त्याचा. चंद्रप्रकाशने मात्र विकले नव्हते. तीन रस्त्यांपैकी दोन कंपनीने दुसऱ्या एका कंपनीला विकले, बँकांचं थोडं भागवलं आणि शेअर हळूहळू सावरला. मूळ भावाच्या निम्म्यावर आला. मानसीने दुसरी नोकरी धरली, पवईला, विम्याच्या कंपनीत. "तुझ्यासाठी नाही सोडली," तिने बापाला बजावलं, "घरी येऊन तोंड लपवायचा कंटाळा आला." तिला सिंधुतारा सोडून काही महिने झाल्यावर, एका साध्याशा सकाळी, चंद्रप्रकाशने सगळे शेअर विकले. बटण दाबताना त्याला काहीच वाटलं नाही. नंतर मात्र त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला. त्याला निम्मे मिळाले होते. भाऊला त्याचेही निम्मे मिळाले नव्हते.

पैसे जमा झाले त्याच आठवड्यात तो डोंबिवलीला गेला. माधुरीने विचारलं, "त्यांना पैसे देणार आहात?"

"घेईल तो?"

"नाही घेणार."

"मग कशाला जाऊन अपमान करू? नुसता भेटून येतो."

नलिनीने दार उघडलं, क्षणभर थबकली आणि "या" म्हणाली. आत कोपऱ्यात भाऊ नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. तीन-चार महिन्यांचं पोर, डोक्यावर लोकरीची टोपी. भाऊने वर पाहिलं. त्याने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. चंद्रप्रकाश समोरच्या खुर्चीत बसला. नलिनीने चहा ठेवला. टीव्हीवर मॅच चालू होती, दोघं ती बघत राहिले. कोणी आऊट झालं, भाऊ पुटपुटला, चंद्रप्रकाशने मान डोलावली. पोर चुळबुळायला लागलं तेव्हा भाऊला बाटली घ्यायला उठायचं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, नलिनी आत होती. मग त्याने पोर चंद्रप्रकाशच्या हातात दिलं.

परत आला तेव्हा पोर चंद्रप्रकाशच्या बोटाला धरून शांत झालं होतं.

"माका अजून राग आसा," भाऊ म्हणाला.

"असू दे."

"जावचो नाय तो."

"नको जाऊ दे."

भाऊने बाटली त्याच्याकडे दिली, पोर मात्र परत घेतलं नाही. शेजारच्या खुर्चीत बसून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. निघताना चंद्रप्रकाश चपला घालत होता तेव्हा भाऊ दारापर्यंत आला, चौकटीला टेकून उभा राहिला.

"थयसून रिक्षा घे," त्याने बोट दाखवलं. "स्टेशनाजवळचे जास्त घेतत."